चौथ्या खेपेची कॅप्सूल

१

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या ओल्या वाळूत वेंडेल हाउगेन पडलेला सापडला. नोव्हेंबरची थंडी, अंगात नुसता सदरा, पायांत बूट नाहीत. पन्नास पावलांवर त्याचा ट्रक दार सताड उघडं टाकून उभा होता आणि इंजिन चालूच होतं. कुणीतरी फोन करून रुग्णवाहिका बोलावली होती, पण ती पोचली तेव्हा तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

वेंडेल वाचला. अंगात ऊब आली तसा तो बोलायलाही लागला, फक्त त्या बोलण्याचा अर्थ कुणाला लागेना. इराकमध्ये मेलेले सोबती पाण्यातून चालत येताहेत, त्यांना कोरडे कपडे द्या, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात नर्सला एका कॅप्सूलची दोन अर्धी टरफलं मिळाली. करडी-हिरवी, मधोमध अलग केलेली, आतून पावडरीचा पुसटसा थर. एकावर बारीक अक्षरांत छापलं होतं : बी-४.

सोमवारी सकाळी नऊला बर्चवुड केंद्रात सगळ्यांचे चेहरे उतरले होते. माजी सैनिकांच्या मनावरच्या जखमांवर अळंबीतल्या द्रव्याचा उपचार करून बघणारं हे विद्यापीठाचं केंद्र. ‘बी’ म्हणजे बर्चवुड. ‘४’ म्हणजे सप्टेंबरात आलेली चौथी खेप. असली कॅप्सूल जगात दुसरीकडे कुठेच मिळत नव्हती.

नैतिकता समितीच्या अध्यक्षांनी प्रा. मारिट सोलीनला बोलावलं. मारिट एकोणसाठ वर्षांची, मानसशास्त्र विभागात सव्वीस वर्षं शिकवलेली. केंद्रात येऊ पाहणाऱ्या सैनिकांचे अर्ज आधी तपासून कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे ठरवणं तिचं काम. उपचाराच्या खोलीत ती कधी पाऊल टाकत नसे आणि औषधाच्या तिजोरीची किल्ली तिच्याकडे नव्हती.

“म्हणूनच तू,” अध्यक्ष म्हणाले. “शुक्रवारपर्यंत मला कळलं पाहिजे, ती कॅप्सूल बाहेर गेली कशी. नाहीतर केंद्राला कुलूप. अकरा माणसं वाट बघत बसलीत, त्यांना काय सांगायचं ते मग तूच सांग.”

मारिट सरळ औषधाच्या खोलीत गेली. केंद्राचा औषधनिर्माता जीन लुबिक तिची वाटच बघत होता. त्यानं वही तिच्यापुढे ढकलली.

“चौथ्या खेपेत वीस आल्या,” तो म्हणाला. “चार वापरल्या. सोळा तिजोरीत आहेत, मोजून घ्या.”

मारिटनं मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. सोळाच होत्या. एकही कमी नव्हती.

२

“बघितलंत?” लुबिक म्हणाला. “आता माझ्याकडे तसं बघू नका.”

“कसं बघतेय मी?”

“सकाळपासून सगळे बघताहेत तसं. चोर औषधवालाच असणार. दुसरं कोण?”

 मारिटच्याही मनात तेच होतं. लुबिकला एखाद्या माणसाला मैद्याची कॅप्सूल देऊन खरी खिशात घालता आली असती, वहीतला आकडा तरीही जुळला असता. पण तिजोरीची दुसरी किल्ली होती केंद्रप्रमुख डॉ. ब्रँट किलोरनकडे. म्हणजे तोही सुटत नव्हता.

“औषध देताना नेमकं काय करता?” तिनं विचारलं.

“मी चिनी मातीच्या वाटीत एक कॅप्सूल घेऊन खोलीत जातो. आत सोबतीला बसणारे दोघं असतात. वाटी त्यांच्या हाती देतो आणि बाहेर येतो. माणूस गिळतो. मग त्याचं तोंड उघडून, जीभ वर करून बॅटरीनं बघतात. पुढचे सहा तास डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, आणि ते दोघं उशाशी. दोघांपैकी एकानंही खोली सोडायची नाही.”

“कधीच नाही सोडत?”

लुबिकनं चष्मा पुसायला घेतला. “ते मला कशाला विचारता? किलोरनसाहेबांना विचारा.”

चौथ्या खेपेतली औषधं घेतलेले चार सैनिक. चारही वेळी सोबतीला किलोरन आणि आयला कोस्केला. आयला अनुभवी समुपदेशक, आधी एकोणीस वर्षं माजी सैनिकांच्या दवाखान्यात होती. मारिटची जुनी मैत्रीण.

दुपारी मारिटनं वेंडेलचं नाव केंद्राच्या जुन्या कागदांत शोधलं. बर्चवुडशी त्याचा कधी संबंध आला होता का, एवढंच तिला बघायचं होतं. फाइल निघाली. वेंडेलनं जूनमध्ये अर्ज केला होता. थोरल्या भावाला उन्मादाचे झटके येतात, म्हणून हे औषध त्याला धोक्याचं, असा शेरा मारून अर्ज नाकारला होता. सोबत दोन ओळींच्या छापील पत्राची प्रत.

पत्राखाली सही होती. तिची स्वतःची.

३

मारिटला तो अर्ज आठवेना. वर्षभरात तिनं सव्वीस जणांना नाकारलं होतं. तिनं फाइल मिटली आणि ती किलोरनकडे गेली.

ब्रँट किलोरन तिचाच विद्यार्थी. चव्वेचाळिसाव्या वर्षी केंद्रप्रमुख झालेला, परिषदांतून भाषणं देणारा. त्यानं तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

“वेंडेल हाउगेन आपला पेशंट नाही,” तो म्हणाला. “त्यानं ती कुठून पैदा केली ते पोलिसांनी बघावं.”

“ब्रँट, त्या चारही सत्रांना तू होतास. पूर्ण वेळ?”

“पूर्ण वेळ. सहाच्या सहा तास. माझ्या सह्या आहेत.”

“एकदाही बाहेर गेला नाहीस?”

“मारिट मॅडम, तुम्ही मला शिकवलंत. मी असं करेन असं वाटतं तुम्हाला?”

तिला वाटत होतं. त्याचा हात टेबलावरच्या फोनवर होता आणि तो फोन सारखा उजळत होता. तिनं तो विषय तिथेच सोडला आणि परत लुबिककडे गेली. या वेळी दार लावून घेतलं.

“जीन, तुम्ही काहीतरी पोटात ठेवलंय. काय ते सांगा.”

“माझी नोकरी जाईल.”

“नाही सांगितलंत तरी जाईल. सगळ्यांचीच जाईल.”

लुबिकनं सुस्कारा टाकला. “बारा तारखेचं सत्र. रॉइस टॅकेटचं. मी पावणेदहाला वाटी देऊन आलो. सव्वादहाला बघतो तर साहेब मागच्या जिन्यात फोनवर. कुठल्याशा परिषदेचं चाललेलं. पावणेबारापर्यंत तिथेच होते. आयला एकटी आत.”

रॉइस टॅकेट. मारिटनं त्याची फाइल घेतली. चौघांपैकी फक्त यानंच सत्राच्या चित्रीकरणाला नकार दिला होता. तो त्याचा हक्कच होता, पण आता तोही नकार तिला खुपायला लागला.

सैन्यातल्या नोकरीचं पान उलटलं आणि ती थांबली. रॉइस टॅकेट, लष्करी वैद्यकीय सहायक, इराक, दोन हजार सहा. तिनं वेंडेलचं पान शेजारी ठेवलं. तेच साल, तीच बटालियन, तीच कंपनी.

४

मंगळवारी सकाळी ती बंदराजवळच्या गोदामात गेली. रॉइस तिथे हिवाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढलेल्या बोटींची दुरुस्ती करत असे. धिप्पाड माणूस, पण हात फार नाजूक. एका बोटीच्या पोटाखाली पाठीवर पडून तो फळ्यांतल्या फटी बुजवत होता.

“वेंडेल हाउगेनला ओळखता?”

फटीत फिरणारं पातं क्षणभर थांबलं. “एका कंपनीत दीडशे माणसं असतात, डॉक्टर.”

“मी कंपनीचं नावही घेतलं नव्हतं.”

तो बोटीखालून बाहेर आला आणि हात पुसत राहिला. “ओळखतो. तो इस्पितळात आहे, तेही गावभर झालंय. पुढे?”

“तुमचं बारा तारखेचं सत्र कसं गेलं?”

“लिहून दिलंय की. समुद्र दिसला, उजेड दिसला, रडलो. हलकं वाटलं.”

“आणि आता?”

“आताही हलकंच वाटतंय,” तो म्हणाला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी चार दिवसांची. “अजून काही? माझं लाखेचं काम सुकतंय.”

मारिट तिथून आणीबाणीच्या फोन कक्षात गेली. समितीचं पत्र दाखवल्यावर त्यांनी रविवारचा फोन ऐकवला. कापड दाबून बोलल्यासारखा पुरुषी आवाज होता : “पुरुष, त्रेचाळीस वर्षांचा, गारठलाय. श्वास मिनिटाला आठ, नाडी अठ्ठेचाळीस. उजव्या कुशीवर वळवलंय. हलवताना हळू हलवा, छातीला धक्का देऊ नका.” मग जागेचा पत्ता, आणि फोन बंद.

वाटेनं जाणारा कुणी माणूस श्वास मोजत नाही. अनोळखी माणसाचं नेमकं वय त्याला ठाऊक नसतं. मारिटला तो फोन पुन्हा ऐकायची गरज वाटली नाही. हा रॉइसच होता.

तर मग कॅप्सूल रॉइसनं लांबवली होती. पण तोंडात धरून? इस्पितळातली टरफलं तिनं स्वतः पाहिली होती. कोरडी, गुळगुळीत, छापलेलं अक्षर स्वच्छ. तोंडात गेलेली कॅप्सूल क्षणात चिकट होते. ही तोंडात गेलीच नव्हती. वाटीतून उचलली आणि त्या नाजूक हातांनी मुठीत ठेवली, नुसतं पाणी प्याला. मग तोंड कितीही तपासलं तरी रिकामंच दिसणार.

इथवर जुळलं. पण मग पुढचे सहा तास? समोर बसलेल्या आयलाला सहा तासांत काहीच कळलं नाही?

बुधवारी सकाळी मारिटनं त्या सत्राचा तक्ता मागवला. दर अर्ध्या तासाला दोन नोंदी होत्या. रक्तदाबाची नोंद यंत्र आपली आपण छापतं. डोळ्यांच्या बाहुल्यांचं माप सोबतीला बसलेला माणूस हातानं लिहितो. हे औषध पोटात गेलं की रक्तदाब चढतो आणि बाहुल्या मोठ्या होतात. बाकी तिघांच्या तक्त्यांत दोन्ही आकडे बरोबरीनं चढले होते.

रॉइसचा रक्तदाब सकाळपासून दुपारपर्यंत एका रेषेत होता. बाहुल्या मात्र आठ मिलिमीटर. अक्षर आयलाचं.

५

आयलाच्या स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या पावाचा वास दरवळत होता. तिनं न विचारता मारिटपुढे कॉफी ठेवली.

“तू येणार हे माहीत होतं,” ती म्हणाली. “सोमवारीच येशील असं वाटलं होतं.”

“मी आधी लुबिकवर संशय घेतला, मग ब्रँटवर,” मारिट म्हणाली. “पण त्यांच्यापैकी कुणी खोटी कॅप्सूल दिली असती तर तू आरडाओरडा केला असतास, की अगं, याला काहीच होत नाहीये. तू तर खोट्या बाहुल्या लिहिल्यास. म्हणजे तुला माहीत होतं. आणि तूच चोरली असतीस तर रॉइस तक्रार घेऊन आला असता. वर्षभर थांबला होता तो या दिवसासाठी. त्यानं तर समुद्र आणि उजेड लिहून दिला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. दोघं मिळून खोटं बोललात.”

आयला पावाचे काप करत राहिली. एक, दोन, तीन. कुणी खाणार नव्हतं तरी करत राहिली.

“साडेदहाला त्याची पट्टी वर केली,” ती शेवटी म्हणाली. “बाहुल्या टाचणीएवढ्या. मी म्हटलं, रॉइस, काय केलंस? त्यानं मूठ उघडली.”

“ब्रँट?”

“जिन्यात. तो असता तर सगळं तिथेच संपलं असतं.”

“तेव्हाच काढून घ्यायची होतीस.”

“हो.”

“मग का नाही घेतलीस?”

“कारण त्यानं सांगितलं ते मी ऐकलं,” आयला म्हणाली. सुरी तिनं खाली ठेवली. “वेंडेल दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर भरलेलं पिस्तूल ठेवून बसलाय, म्हणाला. शेजारी तुझं पत्र. रॉइस रोज संध्याकाळी जाऊन त्याच्यासमोर बसायचा, पिस्तूल उचलू द्यायचा नाही. म्हणाला, ‘मी कधीपर्यंत पुरणार? मला मिळतंय ते त्याला द्या.’ आणि मी एकोणीस वर्षं त्या दवाखान्यात ‘तुम्ही नियमात बसत नाही’ हेच सांगत आले होते, मारिट. तोंडावर सांगायचे. त्या दिवशी सांगवेना.”

“मला सांगायचं होतंस!”

“तू काय केलं असतंस? फाइल काढून भावाच्या आजाराची ओळ दाखवली असतीस.”

“ती ओळ खरी होती, आयला! नेमकं तेच झालंय त्याला. चार दिवस झाले, तो डॉक्टरांना आवरत नाहीये. औषध कोणतं, किती, हे त्यांना कालपर्यंत कुणी सांगायला तयार नव्हतं. मी सांगितलं.”

“खरी होती,” आयला म्हणाली.  “मी रॉइसला शिकवलं, त्याच्या जवळ बस, हात सोडू नकोस. त्यानं सोडला नाही. रविवारी सकाळी आठला कॅप्सूल उघडून पावडर कॉफीत घालून दिली, टरफलं वेंडेलनंच खिशात टाकली. पाच तास सगळं छान होतं. मग लाकडं आणायला तो मिनिटभर बाहेर गेला आणि वेंडेल ट्रक घेऊन पळाला. काठाकाठानं तासभर शोधत होता बिचारा. सापडल्यावर माझ्यासाठी लपला. रुग्णवाहिका दिसेपर्यंत झाडीत उभा होता. माझं नाव येऊ नये म्हणून.”

बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार वाजलं. दोघी एकदमच दचकल्या आणि त्यांनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

“काय लिहिणार आहेस?” आयलानं विचारलं.

६

शुक्रवारी सकाळी किलोरन तिच्या खोलीत आला. या वेळी तो बसला.

“मी दीड तास बाहेर होतो, ते लिहायलाच हवं का?” तो म्हणाला. “चोरी टॅकेटची. लपवाछपवी आयलाची. माझी फक्त गैरहजेरी. तेवढी वगळली तर केंद्र वाचेल. अकरा माणसं आहेत, मॅडम. त्यांचा तरी विचार करा.”

“तुझी सही सहा तासांची आहे, ब्रँट.”

“तुमचीही आहे एका पत्रावर.”

त्यानं तिला घाबरवायला म्हटलं होतं. मारिटनं टेबलावरचा अहवाल उचलून त्याच्या हाती दिला. तिसऱ्या पानावर चार नावं होती. टॅकेट, कोस्केला, किलोरन. चौथं सोलीन : अर्जदार जिवाचं बरंवाईट करून घेईल का हे न विचारता छापील नकार पाठवला, आणि नंतर साडेपाच महिन्यांत एकदाही चौकशी केली नाही. नकार योग्य होता, असंही पुढे लिहिलं होतं. ते वाक्य तिनं तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं होतं, कारण ते खरं होतं.

किलोरननं पान वाचलं, परत ठेवलं आणि निघून गेला.

केंद्र पाच महिने बंद राहिलं. किलोरनचं प्रमुखपद गेलं. आयलाचा परवाना दोन वर्षांसाठी काढून घेतला. समितीसमोर तिनं एका शब्दानंही स्वतःची बाजू मांडली नाही. त्यानंतर ती मारिटशी बोलली नाही. एकदा दुकानात दोघी समोरासमोर आल्या तेव्हा आयलानं मान हलवली आणि पुढे गेली. रॉइस स्वतः पोलिसांकडे गेला. सरकारी वकिलानं खटला न भरता त्याला दोन वर्षांच्या देखरेखीवर सोडलं.

वेंडेलला माणसं ओळखू यायला पाच आठवडे लागले. मारिट त्याला भेटायला गेली तेव्हा रॉइस खाटेशी बसून त्याची नखं कापत होता.

“मी मारिट सोलीन,” ती म्हणाली. “तुमचा अर्ज मी नाकारला होता.”

वेंडेलनं तिच्याकडे नीट बघून घेतलं. औषधांनी त्याची जीभ जड झाली होती. “तुम्ही उंच असाल असं वाटलं होतं,” तो म्हणाला.

रॉइसला हसू आलं. मारिटला आलं नाही. ती तासभर बसली. वेंडेल फारसा बोलला नाही, पण ती उठली तेव्हा त्यानं विचारलं, “पुढच्या गुरुवारी येणार का?” आणि ती गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

जानेवारीत एका सकाळी तिनं खोलीचं दार लावलं आणि नाकारलेल्या उरलेल्या पंचवीस जणांची यादी समोर घेतली. एकेकाला फोन करायचा, कसे आहात एवढंच विचारायचं, आणि कुणाला गरज असली तर दुसरीकडे उपचार जुळवून द्यायचे. पहिल्यानं शिवी हासडून फोन आपटला. दुसरा रडला. तिसऱ्यानं विचारलं, काही विकायला फोन केलाय का तुम्ही? पाचवा आणि सहावा बरे होते, आपापल्या कामांत होते. तिला जरा धीर आला.

नववा फोन एका बाईनं उचलला.

“थॅडियस वॉयचिक यांच्याशी बोलायचं होतं,” मारिट म्हणाली. “मी बर्चवुड केंद्रातून बोलतेय.”

पलीकडे भांडी घासत असावी, नळाचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“थॅडियस मार्चमध्ये गेला,” बाई म्हणाली. “गॅरेजमध्ये. मी त्याची बायको.”

 यादीत त्याच्या नावापुढे नकाराची तारीख फेब्रुवारीतली होती. तिचीच सही. मारिटचं बोट त्या तारखेवर थांबलं.

“फोन ठेवू नका,” ती बाई घाईनं म्हणाली. “तुम्ही त्याचं नाव बरोबर घेतलंत. इथे कुणालाच नीट घेता येत नाही. वर्ष होत आलं, कुणी त्याच्याबद्दल विचारलेलं नाही. जरा वेळ आहे का तुम्हाला?”

“आहे,” मारिट म्हणाली. “मला त्याच्याबद्दल सांगा. आणि मग मलाही तुम्हाला एक सांगायचंय.”

बाई बोलायला लागली. थॅडियसला मासेमारीचं वेड होतं, पण पकडलेला मासा तो कधी घरी आणत नसे. मारिटनं यादी बाजूला सारली आणि ऐकत राहिली.